जिथं घडलं तिथंच नोंद, तीही 21 दिवसांत

घरात बाळ आलं की बारसं होतं, कुणाकडे अकिका होतो. माणूस गेलं की तेरावा होतो, चाळीसावा होतो. ही कामं आपण कधी चुकवत नाही. राहून जातं ते सरकारी दप्तरातल्या नोंदीचं काम. आणि ते राहिलं की पुढचे हेलपाटे बहुतेक वेळा बाईच्याच नशिबी येतात. म्हणून आज जन्म-मृत्यूच्या नोंदीविषयी बोलू या.

आपल्या देशात 1969 सालच्या कायद्यानं प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद सक्तीची आहे. 21 दिवसांत कळवलं तर पैसे पडत नाहीत आणि पहिला दाखलाही फुकट मिळतो. गावात हे काम ग्रामसेवकाकडे असतं, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. शहरात ते नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत होतं. दवाखान्यात जन्म किंवा मृत्यू झाला तर दवाखान्यानं कळवायचं. घरी झाला तर घरच्या कर्त्या माणसानं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट ऐका. नोंद आपण राहतो त्या गावात होत नाही, घटना जिथं घडली तिथं होते. समजा, सासर पालम तालुक्यात, माहेर जिंतूर तालुक्यात आणि बाळंतपण परभणीच्या दवाखान्यात झालं. मग नोंद परभणी शहरातच होणार. सासरच्या ग्रामपंचायतीत कितीही खेटे घातले तरी ती सापडणार नाही. म्हणून दवाखान्यातून घरी निघण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: नोंद कोणत्या कार्यालयात गेली, आणि आईबापाची नावं आधार कार्डावर आहेत तशीच लिहिली का.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची अडचण याहून मोठी आहे. आपल्या भागातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिथं कोपीवर बाळंतपण झालं तर नोंद त्याच गावात करावी लागते. हंगाम संपवून घरी येईपर्यंत 21 दिवस केव्हाच उलटलेले असतात. म्हणून बाळंतपण होताच तिथल्या आशाताईला गाठा, मुकादमालाही सांगा, आणि त्या गावच्या ग्रामपंचायतीत नोंद करूनच पुढचा मुक्काम हलवा.

उशीर झालाच तर दार बंद होत नाही, पण वाट लांबते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. 30 दिवसांनंतर वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं तर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. पुरावे गोळा करा, मजुरी बुडवा, एसटीचं भाडं भरा, हे सगळं मग आलंच.

1 ऑक्टोबर 2023 पासून कायद्यात बदल झाला आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांची शाळा, आधार, मतदार यादी, सरकारी नोकरी, अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. बाळाचं नाव ठरलं नाही म्हणून थांबू नका. नोंद आधी करा, वर्षभरात नाव फुकट घालता येतं. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत बाळाच्या नावापुढे आईचं नाव लिहायचं, असा आपल्या राज्याचा निर्णय आहे. ते नीट लिहिलं गेलं का, हे आपणच बघायचं.

आता मृत्यूच्या नोंदीचं. घरातला कर्ता गेला की बाईला कुठंही गेलं तरी पहिला कागद मागतात तो मृत्यूचा दाखला. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायचं, तर दाखला. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, तर दाखला. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून 20,000 रुपये मिळतात. त्याच्या खात्यातून दरवर्षी जीवन ज्योती विम्याचे 436 रुपये कापले जात असतील, तर 2 लाखांचा विमा असतो. दाखल्याशिवाय यातलं काहीच हलत नाही.

वीज पडून, साप चावून किंवा आत्महत्येनं मृत्यू झाला की पोलीस पंचनामा होतो. पण पंचनामा म्हणजे मृत्यूची नोंद नव्हे. ती झाली की नाही, हे वेगळं विचारावं लागतं.

आणि बाई गेली तर? तिच्या नावावर जमीन नाही, खातं नाही, म्हणून नोंद करायचं कुणाच्या मनातही येत नाही. पण बाळंतपणात गेलेल्या बाईची नोंदच झाली नाही, तर आपल्या तालुक्यात बाया कशानं जातात हे सरकारला कळणार कसं? दप्तरात जे मरण नाही, त्याच्यासाठी डॉक्टरही वाढत नाही आणि रुग्णवाहिकाही येत नाही.

ही अडचण एकट्या आपली नाही. जगात पाच वर्षांखालच्या सुमारे 15 कोटी मुलांची जन्मनोंदच नाही, असं युनिसेफनं 2024 मध्ये सांगितलं. बांगलादेशात जन्मनोंदणी लसीकरणाच्या कामाशी जोडली गेली. बाळ लस घ्यायला येतं, तिथंच नोंदीचीही चौकशी. हे आपल्यालाही जमेल. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असला की गटातल्या एकीनं प्रत्येक आईला विचारायचं, "नोंद कुठं झाली? दाखला हातात आला का?"

गटाच्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा आणि कर्जाचा हिशेब आपण मांडतोच. पुढच्या बैठकीपासून त्याच वहीत एक पान वाढवा. महिन्यात गावात कोण जन्मलं, कोण गेलं, घटना कुठं घडली, 21 दिवस कधी संपतात आणि दाखला मिळाला का, एवढंच लिहा. ज्या घरात दुःख आहे त्या घरातली बाई पहिल्या महिन्यात बाहेर पडत नाही. तिच्यासाठी ग्रामपंचायतीत कोण जाणार, हे त्याच बैठकीत ठरवा.