‘कायद्यानं पाइप बदलावाच लागेल’ : ब्रिटनमधल्या बॉयलरवाल्याचं म्हणणं कसं पडताळायचं

बॉयलर म्हटलं की आपल्यातल्या अनेकांना न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवतो. ब्रिटनमधला घरगुती बॉयलर म्हणजे बहुतेक वेळा भिंतीवरची, गॅसवर चालणारी पेटी; नळाचं पाणी आणि रेडिएटर दोन्ही तीच तापवते. तिथं घर घेतलेल्या आपल्या माणसांना ती पेटी बदलताना एक वाक्य ऐकावं लागतं: ‘गॅसचा पाइप १५ मिलिमीटरचा आहे, कायद्यानं २२चाच हवा.’ मग जमिनीच्या फळ्या उचकटण्याचा खर्च आलाच.

आता गंमत बघा. १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांत व्यासाचा असा आकडा नाही. घरातल्या पाइपांसाठीचं ब्रिटिश मानक, बीएस ६८९१, एवढंच म्हणतं की मीटरपासून उपकरणापर्यंत गॅसचा दाब १ मिलिबारपेक्षा जास्त पडू नये. व्यास त्यातून हिशेबानं निघतो. ३० किलोवॉटच्या कॉम्बी बॉयलरला पूर्ण जोरात तासाला साधारण ३ घनमीटर गॅस लागतो. ९ मीटर लांबीचा १५चा तांब्याचा पाइप जेमतेम दीड घनमीटर देतो, २२चा साडेचारच्या वर. प्रत्येक काटकोनी वळण आणखी अर्धा मीटर धरायचं. म्हणजे कायद्याचं नाव घेणं चूक, पण पाइप बदला हा सल्ला बऱ्याचदा बरोबर! उलट २४ किलोवॉटचा बॉयलर मीटरपासून दोन मीटरवर असेल, तर १५चाही पुरू शकतो. म्हणून आम्ही सांगतो, ‘कुठला कायदा?’ म्हणून भांडत बसू नका. ‘लांबी, वळणं आणि दाबाचा हिशेब दाखवा’ म्हणा. जाणकार माणूस पाच मिनिटांत कागदावर मांडून देतो.

‘जुना बॉयलर आता बेकायदा आहे’ हेही असंच. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर सहसा कंडेन्सिंगच बसवावा लागतो. चालू असलेला जुना काढा, असं तो नियम म्हणत नाही. दरवर्षीची गॅस तपासणी घर भाड्यानं देणाऱ्या मालकावर बंधनकारक आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्यावर नाही, पण तरीही करून घ्यावी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एका ठिकाणी मात्र घासाघीस नको. इंजिनियरनं ‘तात्काळ धोकादायक’ अशी लेखी सूचना दिली, तर आधी गॅस बंद करू द्यावा. दुसऱ्याचं मत नंतर घ्यावं.

आणि मुळात हा माणूस कोण, ते आधी बघा. १ एप्रिल २००९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ‘गॅस सेफ रजिस्टर’ आहे. त्याआधी ‘कॉर्गी’ होतं. ओळखपत्रावरचा क्रमांक रजिस्टरच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. कार्डाची मागची बाजू वाचायला बहुतेक जण विसरतात, आणि त्याला कोणकोणती कामं करायची परवानगी आहे ते तिथंच लिहिलेलं असतं. शेगडीची परवानगी असलेल्याला बॉयलरची असेलच असं नाही.