अक्षरओळख, आदिवासी बालकांची

अक्षरओळख, आदिवासी बालकांची : लिपीतील चिन्ह व त्याने दर्शविलेला ध्वनी यांची सांगड नवशिक्याच्या मनात घालून देण्याची प्रक्रिया. स्पॅनिशचे लेखन बरेचसे उच्चारानुसारी असले, तरी तिच्या २७ वर्णांची नावे ध्वनींहून निराळी शिकावी लागतात. देवनागरीत अक्षराचे नाव व उच्चार बहुधा एकच असल्याने आरंभ सुलभ होतो. मात्र काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षरे यांची अडचण पुढे येते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे विशेष रूप डहाणू व तलासरी तालुक्यांत (पूर्वी ठाणे, २०१४ पासून पालघर जिल्हा) आढळते. वारली बोलीला स्वतंत्र लिपी नाही. शाळेत येणाऱ्या वारली बालकास त्यामुळे अपरिचित चिन्हे अपरिचित प्रमाण भाषेतून शिकावी लागतात. निरक्षरतेची झळही येथे मोठी होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वेठीस बांधल्या गेलेल्या ‘लग्नगड्या’ला आपल्या नावावर वहीत काय मांडले आहे, हे वाचता येत नसे. या वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांचा लढा उभा राहिला.

त्याच वर्षी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, या विचारातून वस्तीवरील अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली.

माँटेसरी पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवून त्याचे वळण आत्मसात करते. महागडी साधने खेड्यात परवडणारी नसल्याने शंखशिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातील वस्तूंचा उपयोग करण्यात आला. गाणी, गोष्टी व संभाषण यांनी कान तयार होतो, तर बिया मांडणे, रेघा ओढणे यांनी हात वळतो. त्यानंतर ग, म, भ, न यांसारखी आकारसाम्याची अक्षरे एकत्र घेणे सोयीचे ठरते. ‘ताड’, ‘भात’, ‘गवत’ असे अनुभवातील शब्द घेतल्यास अर्थ आधीच ज्ञात असतो व केवळ चिन्हच नवे राहते. घरची बोली चुकीची न ठरवता तिच्यातून प्रमाण भाषेकडे नेणे, ही या शिक्षणाची मुख्य अट होय.