सातबारा संगणकात गेला, खेप उरली

राशीन, मिरजगाव, कुळधरण किंवा भीमाकाठचे सिद्धटेक. कर्जत तालुक्यात शेतीचे सरकारी काम सहसा सातबाऱ्यावाचून पुढे सरकत नाही. पिढ्यानपिढ्या हा उतारा तलाठ्याच्या दप्तरातून हाताने लिहून मिळत असे. 1 मे 2018 रोजी राज्याने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू केला. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करू लागला, तर 2025 मध्ये कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. या बदलांचे कौतुक करताना ‘कागद वाचला, झाडे वाचली’ असे सांगितले जाते. मात्र या वर्षांचा हिशेब मांडला, तर पर्यावरणाचा मोठा लाभ कागदात नसून कागदापायी होणाऱ्या खेपेत दिसतो, आणि तो लाभ अजून पुरता पदरात पडलेला नाही.

आकडे साधे आहेत. नेहमीच्या जाडीचा ए-फोर कागद सुमारे 5 ग्रॅमचा असतो. एक किलो कागद तयार होताना ढोबळमानाने एक ते दोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका पानामागे फार तर 10 ग्रॅम. एक लीटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लीटरला 50 किलोमीटर जाणारी मोटरसायकल म्हणून किलोमीटरमागे 46 ग्रॅम सोडते. उताऱ्यासाठी जाऊन-येऊन 20 किलोमीटर धरले, तर एका खेपेचा भार 900 ग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे कागदाच्या निदान नव्वदपट. साहेब भेटले नाहीत म्हणून दुसरी खेप पडली, की हा भार दुप्पट होतो.

यावर कोणी म्हणेल, मग कागद निर्दोष ठरला का? तसे नाही. लगद्याला पाणी लागते, गिरणीला वाफ आणि वीज लागते, आणि तो भार कर्जतबाहेर पडला तरी पडतोच. पण भारतातल्या कागदाचा सर्वांत मोठा कच्चा माल आज रद्दी आहे. उरलेला कागद लागवडीच्या लाकडापासून आणि उसाच्या चोथ्यापासून बनतो. त्यामुळे प्रत्येक पानामागे जंगल तुटते हे म्हणणे टिकत नाही. दुसरा आक्षेप सर्व्हर आणि मोबाइलच्या विजेचा. तो रास्त आहे, पण मोबाइल कोणी सातबाऱ्यासाठी घेत नाही, आणि एक उतारा उघडण्याची वीज पेट्रोलपुढे नगण्य आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: ज्या म्हाताऱ्या खातेदाराकडे फोन नाही, त्याचे काय? त्याला छापील उतारा गावातच मिळायला हवा. त्या एका पानाचा भार समाजाने आनंदाने सोसावा.

खटकते ते वेगळेच. नोंद सरकारच्या संगणकात असताना पीककर्ज, विमा, अनुदान अशा अनेक अर्जांना तोच उतारा, त्याची झेरॉक्स आणि ती द्यायला पुन्हा खेप मागितली जाते. पर्जन्यछायेतल्या, दुष्काळ सोसणाऱ्या तालुक्याने हवामानबदलाची किंमत मोजायची आणि वर हा फुकाचा धूरही ओढायचा, हे अन्यायाचे आहे. शेतकऱ्याला ओळख क्रमांक दिल्यावर नोंद पडताळणे हे कार्यालयाचे काम आहे. जी माहिती शासनाकडे आहे, ती शेतकऱ्याकडे मागू नये, एवढा एक नियम काटेकोर पाळला, तर कागद आणि पेट्रोल दोन्ही वाचतील.