पॉन्टून नौकेची अपघाती हानी व दुरुस्ती

पॉन्टून नौका म्हणजे दोन किंवा तीन बंद, पोकळ नळकांड्यांवर सपाट डेक बसवून तयार केलेली, प्रामुख्याने तलाव व संथ नद्यांत वापरली जाणारी नौका. ही नळकांडी बहुधा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असतात. खडक, पाण्याखालचे ओंडके, धक्क्याची कड किंवा ट्रेलरवर चढवताना बसलेली धडक यांमुळे त्यांना पोचे येतात, तडे जातात अथवा भोके पडतात. साध्या होडीत शिरलेले पाणी तळाशी दिसते. पॉन्टून नौकेत मात्र ते बंद नळकांड्यात साठते आणि नौका एका बाजूस कलू लागेपर्यंत सहसा ध्यानात येत नाही. म्हणूनच अशा हानीच्या हाताळणीत निदानाचा भाग मोठा असतो.

या प्रकारच्या आधुनिक नौकांचा आरंभ अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. तेथील ॲम्ब्रोज वीरेस या शेतकऱ्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस पोलादी नळकांड्यांवर लाकडी फलाट बसवून पहिली नौका बांधली. पुढे पोलादाची जागा हलक्या ॲल्युमिनियमने घेतली. हा पत्रा साधारणतः २ ते ३ मिलिमीटर जाडीचा असतो.

तरंगण्याचे गणित

६० सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्याचा एक मीटर लांबीचा भाग पूर्ण बुडाल्यास सुमारे २८३ लिटर पाणी बाजूस सारतो, म्हणजेच गोड्या पाण्यात तितक्याच किलोग्रॅमचा भार तोलतो. सहा मीटर लांबीची अशी दोन नळकांडी मिळून जास्तीत जास्त सुमारे ३,४०० किलोग्रॅम भार पेलू शकतात. प्रत्यक्षात नौका, इंजिन व प्रवासी यांचा एकूण भार याहून बराच कमी ठेवला जातो.

बहुतेक नळकांड्यांत आतून आडपडदे झाळून स्वतंत्र कप्पे केलेले असतात. दोन मीटरचा एक कप्पा पाण्याने भरला, तर सुमारे ५६५ किलोग्रॅम आधार नाहीसा होतो; नौका कलते, पण सहसा बुडत नाही. जुन्या, आडपडदा नसलेल्या नळकांड्याची गोष्ट वेगळी. त्यात कोठेही भोक पडले तरी पाणी सर्वत्र पसरते, आणि अर्धवट भरलेले पाणी नौका जिकडे झुकेल तिकडे धावून तो कल आणखी वाढवते.

दोन नळकांड्यांमधील अंतरामुळे ही नौका पायाखाली अतिशय स्थिर वाटते. हा विश्वास एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. एका बाजूचे नळकांडे पूर्ण बुडाले की त्या बाजूचा आधार आणखी वाढत नाही, आणि त्यापुढे कल वाढत गेल्यास नौका स्वतःहून सरळ होण्याऐवजी उलटते. ६ मार्च २००४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात ‘लेडी डी’ ही प्रवासी पॉन्टून नौका वादळी वाऱ्यात उलटली. नौकेवर २५ जण होते. त्यांपैकी ५ जण मृत्युमुखी पडले. जोरदार वाऱ्याला तोंड देण्याइतकी स्थिरता नौकेत नव्हती, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. तिची प्रवासीसंख्या ठरवताना प्रत्येकी सरासरी १४० पौंड (सुमारे ६३.५ किलोग्रॅम) वजन धरले होते. अमेरिकी तटरक्षक दलाने पुढे २०११ मध्ये हे मान १८५ पौंड (सुमारे ८४ किलोग्रॅम) केले. नळकांड्यात पाणी शिरलेल्या नौकेपाशी तर अशा प्रसंगासाठी राखीव आधार आणखीच कमी उरतो.

धडकेनंतरची कृती

धडक बसताच वेग कमी करणे, सर्वांनी जीवरक्षक जाकीट घालणे आणि जवळचा किनारा गाठणे हा क्रम पाळला जातो. कललेल्या बाजूचे प्रवासी दुसऱ्या बाजूस हलवावे लागतात. मात्र ते एकेक करून, कारण सर्वजण एकदम धावल्यास नौका उलट दिशेने झुकू शकते. कल सतत वाढत असल्यास दुरुस्तीचा विचार सोडून मदत मागवणे हेच योग्य.

पाणी भरलेली नौका ट्रेलरवर घेताना ते वजन चाकांवर व आसावर येते, ही बाब वारंवार दुर्लक्षिली जाते. नळकांड्यास मागील बाजूस तळाशी बूच असेल, तर नौका पुढून थोडी उंच करून ते काढतात. कोणत्या कप्प्यातून पाणी येते, यावरून गळतीचा माग लागतो.

गळतीचा शोध

तडे बहुधा पत्र्याच्या मध्यभागी न जाता पुढील टोकाच्या सांध्यावर, तळाच्या पट्टीजवळ किंवा डेकचे आधार जेथे झाळलेले असतात तेथे जातात. रिकाम्या कप्प्यात किंचित दाबाची हवा भरून बाहेरून साबणाचे पाणी लावल्यास गळतीच्या जागी बुडबुडे दिसतात. दाब फार थोडा ठेवणे अत्यावश्यक असते. ०.२ बार इतक्या अल्प दाबानेही ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर सुमारे ५७५ किलोग्रॅम वजनाइतके बल पडते. चाकात हवा भरण्याच्या दाबाने नळकांडे फुटू शकते.

पत्र्यावर विखुरलेली टाचणीएवढी छिद्रे मात्र अपघाताची नसून बहुधा क्षरणाची असतात. तांबेयुक्त रंग, स्टेनलेस पोलादाचे स्क्रू किंवा धक्क्यावरील विजेची गळती यांमुळे ॲल्युमिनियम विद्युत-रासायनिक क्रियेने झिजते. अशा ठिकाणी एक छिद्र बुजवल्याने काही साधत नाही. कारण दूर करून त्याग-धातूचे तुकडे बसवावे लागतात. थंड प्रदेशांत आत राहिलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि सांधे उकलते. ही हानी वसंतात, नौका पुन्हा पाण्यात उतरल्यावर उघडकीस येते.

दुरुस्ती

सांध्यापासून दूर असलेला उथळ पोचा तसाच ठेवला तरी चालतो. एक लिटरचा पोचा म्हणजे केवळ एक किलोग्रॅम आधाराची घट. तो ठोकून सरळ करण्याच्या प्रयत्नात पत्रा चिरण्याचा धोका त्याहून मोठा असतो.

लहान छिद्रावर इपॉक्सी लेप लावता येतो. त्यासाठी पृष्ठभाग घासून, तेलकटपणा काढून पूर्ण कोरडा करावा लागतो, तरीही हा उपाय तात्पुरताच समजावा. टिकाऊ दुरुस्ती आर्गॉन वायूच्या आवरणाखाली केलेल्या वेल्डिंगने होते. ॲल्युमिनियम सुमारे ६६०° सेल्सियसला वितळते, पण त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा वितळण्यास २,०००° सेल्सियसहून अधिक तापमान लागते. म्हणून तो आधी स्टेनलेस तारेच्या ब्रशने खरवडून काढतात. आत ओल राहिल्यास सांधा सच्छिद्र होतो. लांबट तड्याच्या दोन्ही टोकांना लहान भोके पाडल्यास तो पुढे सरकत नाही; त्यानंतर तडा भरून वर पत्र्याचा तुकडा झाळतात.

बंद कप्प्यावर थेट झाळकाम करणे धोक्याचे आहे. आतील हवा तापून दाब वाढतो, आणि पेट्रोलची वाफ साचलेली असल्यास स्फोट होऊ शकतो. त्यामुळे प्रथम कप्पा उघडून हवेशीर केला जातो. काम संपल्यावर हवेच्या दाबाची चाचणी पुन्हा घेतात.

कायदेशीर बाजू

अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार मनोरंजनाच्या नौकेच्या अपघातात २,००० डॉलर वा अधिक मालमत्तेची हानी झाल्यास १० दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. प्रथमोपचारापलीकडील दुखापत, २४ तासांच्या आत ओढवलेला मृत्यू किंवा व्यक्ती बेपत्ता होणे, अशा प्रसंगी ही मुदत ४८ तासांची आहे. भारतात यंत्रचालित अंतर्देशीय नौकांची नोंदणी, तपासणी व अपघातांची चौकशी हे विषय १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ च्या कक्षेत येतात.