१ नोव्हेंबरची मुदत आणि भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थी

अमेरिकेतील निवडक विद्यापीठे, म्हणजे अर्जदारांपैकी फार थोड्यांनाच प्रवेश देणाऱ्या संस्था, पदवी अभ्यासक्रमासाठी साधारणतः दोन फेऱ्यांत अर्ज स्वीकारतात. नेहमीच्या फेरीची मुदत जानेवारीच्या आरंभी संपते आणि तिचा निकाल मार्चअखेर लागतो. त्याआधीच्या फेरीत मात्र अर्ज बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरपर्यंत पोहोचावा लागतो आणि निकाल डिसेंबरच्या मध्यास कळतो. भंडारा, तुमसर किंवा पवनी येथील कनिष्ठ महाविद्यालयात बारावीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही तारीख अनेक अंगांनी अडचणीची ठरते, कारण त्या सुमारास जिल्ह्यात धानाची कापणी चालू असते, दिवाळीच्या सुट्टीमुळे महाविद्यालयाचे कार्यालय अनेकदा बंद असते आणि राज्य मंडळाची बारावीची परीक्षा अजून तीन-चार महिने दूर असते.

या आधीच्या फेरीचे मुख्य प्रकार दोन असून त्यांतील फरक न कळल्यास कुटुंबाचे मोठे नुकसान होऊ शकते. पहिला प्रकार ‘अर्ली डिसिजन’ हा बंधनकारक आहे: विद्यार्थी अशा पद्धतीने एकाच विद्यापीठाकडे अर्ज करतो आणि प्रवेश मिळाल्यास तेथेच जाईन व इतरत्र केलेले सर्व अर्ज मागे घेईन, असे वचन देतो, आणि त्या करारावर त्याच्याबरोबर पालकाची व शाळेच्या प्रतिनिधीचीही सही लागते. कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ, ड्यूक या संस्था ही पद्धत वापरतात. दुसरा प्रकार ‘अर्ली अ‍ॅक्शन’ हा बंधनाचा नाही. निकाल लवकर कळतो, पण होकार किंवा नकार कळवण्यास १ मेपर्यंत अवधी असतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांनी या दुसऱ्या प्रकाराला एक अट जोडली आहे, ती अशी की त्यांच्याकडे लवकर अर्ज करणाऱ्याने त्याच फेरीत अमेरिकेतील दुसऱ्या खासगी विद्यापीठाकडे अर्ज करू नये.

लवकर अर्ज केल्यास संधी वाढते, असा समज सर्वत्र आहे आणि आकडे वरवर त्याला दुजोरा देतात. २०२३ च्या शरद सत्रासाठी हार्वर्डने लवकरच्या फेरीतील ९,५५३ अर्जदारांपैकी ७२२ जणांना, म्हणजे सुमारे साडेसात टक्क्यांना, प्रवेश देऊ केला, तर त्या वर्षीचे एकूण प्रमाण साडेतीन टक्क्यांच्याही खाली राहिले. परंतु या फेरीत विद्यापीठाने आधीच हेरलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले आणि वर्षानुवर्षे तयारी केलेल्या नामांकित शाळांतील विद्यार्थी अधिक प्रमाणात असतात, त्यामुळे हा फरक केवळ तारखेने घडवलेला नसतो आणि तो तसाच्या तसा साकोलीच्या किंवा लाखांदूरच्या अर्जदाराच्या वाट्याला येईल असे मानणे चुकीचे आहे.

हा आक्षेप बाहेरच्यांनीच घेतला असे नाही. लवकरच्या फेरीचा लाभ माहितगार व सधन घरांनाच होतो, हे कारण देऊन हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये ही पद्धत बंद करण्याचे जाहीर केले होते. प्रतिस्पर्धी संस्थांनी त्यांचे अनुकरण न केल्यामुळे २०११ मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली. अन्याय मान्य झाला, पण व्यवस्था टिकली, आणि म्हणून माहिती लवकर पोहोचणे हाच दूरच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याचा खरा आधार आहे.

या साऱ्यात निर्णायक प्रश्न पैशाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीच्या बळावर. पुढे १९५४ मध्ये त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक ज्या भंडारा मतदारसंघातून लढवली, तेथील अनेक घरांत परदेशी शिक्षणाचा विचार आजही त्यांच्या नावापासूनच सुरू होतो. मात्र आंबेडकर पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले होते, आणि आजची महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांचाही रोख पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासक्रमांवरच आहे. बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीसाठी जाणाऱ्याला त्यामुळे मुख्यतः त्या विद्यापीठाच्याच मदतीवर अवलंबून राहावे लागते, आणि तेथील वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरांच्या, म्हणजे पासष्ट-सत्तर लाख रुपयांच्या, घरात किंवा त्याहून वर जातो.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट, तसेच २०२२ मध्ये ही भूमिका जाहीर केलेल्या डार्टमथ व बोडोइन या संस्था परदेशी अर्जदाराचाही प्रवेश ठरवताना घरची आर्थिक स्थिती पाहत नाहीत आणि प्रवेश दिल्यावर त्यांच्या हिशेबाने कुटुंबाला न झेपणारा खर्च पूर्ण उचलतात. बहुसंख्य विद्यापीठे मात्र परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे ही गोष्ट निर्णयात धरतात. कोलंबिया त्यांपैकीच एक आहे. म्हणून मध्यम वा अल्प उत्पन्नाच्या घरासाठी हार्वर्ड, येल किंवा प्रिन्स्टनचा बंधन नसलेला मार्ग सर्वांत सुरक्षित म्हणावा लागतो. बंधनकारक करारातून, मिळालेली मदत अपुरी असल्यास, मोकळे होता येते. तरीही निरनिराळ्या विद्यापीठांची मदत शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी त्यात हातची जाते, आणि जी संस्था पूर्ण गरज भागवण्याची हमी देत नाही तिच्याशी असा करार करणे अविचाराचे आहे.

मदतीच्या अर्जासाठी कॉलेज बोर्ड या संस्थेचा ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा तपशीलवार अर्ज अनेक विद्यापीठे मागतात, आणि त्यात उत्पन्न, मालमत्ता, कर्ज व कुटुंबातील माणसे यांची नोंद करावी लागते. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने धान उत्पादक कुटुंबाकडे आयकर विवरणपत्र बहुधा नसते; अशा वेळी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, धानविक्रीच्या पावत्या आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर जुळवून ठेवणे शहाणपणाचे, आणि हे काम दिवाळीच्या तोंडावर सुरू करून भागत नाही.

शाळेच्या कागदपत्रांची अडचण याहून खोल आहे. विद्यापीठांना नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण हवे असतात, पण महाराष्ट्रात दहावीनंतर विद्यार्थ्याची संस्था बहुधा बदलते, त्यामुळे गुणपत्रके दोन ठिकाणांहून आणावी लागतात आणि कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक विद्यार्थ्याला जेमतेम सव्वा वर्षापासून ओळखत असतात. ज्याने अकरावी केवळ नावापुरती ठेवून सारा वेळ नागपूरच्या शिकवणी वर्गात घालवला, त्याच्याविषयी वर्गशिक्षकाने चार खरी वाक्ये तरी कशी लिहावीत? शिफारसपत्रे ही या प्रवेशपद्धतीत शोभेची वस्तू नाहीत. बारावीचा निकाल नसताना विद्यापीठ शिक्षकांच्या अंदाजित गुणांवर व शब्दांवर विसंबते, आणि जिथे समुपदेशक नाही तिथे ही जबाबदारी प्राचार्यांवर येते.

या विद्यार्थ्यांच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती बहुधा त्यांनाच ठाऊक नसते. अनेक विद्यापीठे जो ‘कॉमन अ‍ॅप’ हा सामाईक अर्ज स्वीकारतात, तो दरवर्षी १ ऑगस्टला खुला होतो आणि त्यात अभ्यासाबाहेरील दहा कामे नोंदवता येतात. त्यांत घरच्या जबाबदाऱ्यांचा स्वतंत्र प्रकार आहे. रोवणीत राबणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, मोहाडीकडच्या घरात कोशाच्या विणकामाला हातभार लावणे ही तिथे लिहिण्याजोगी कामे आहेत. ६५० शब्दांपर्यंतच्या निबंधातही परक्या शहरी मुलाचे अनुकरण करण्याची गरज नाही. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव, गावच्या माजी मालगुजारी तलावात साचलेला गाळ, गोसीखुर्द धरणाने विस्थापित केलेली गावे किंवा चिखल्याची मँगनीजची खाण यांविषयी विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले व विचारलेले काही असेल, तर ते जगातल्या दुसऱ्या कोणत्याही अर्जदाराजवळ नसते.

प्रवेशपरीक्षांचे वेळापत्रकही तयारी लवकर सुरू करायला लावते. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये प्रमाणित परीक्षेची, म्हणजे मुख्यतः सॅटची, अट परत आणली, तेव्हा ही परीक्षा अकरावीच्या उन्हाळ्यात एकदा देऊन ठेवणे श्रेयस्कर. लवकरच्या फेरीत निर्णय पुढे ढकलला गेला, तर तोच अर्ज नेहमीच्या फेरीत पुन्हा तपासला जातो. नकार आला, तर जानेवारीसाठी दुसरे अर्ज तयार असायला हवेत, आणि त्यानंतर लगेच बारावीची लेखी परीक्षा व जेईई किंवा नीट उभी असते, ज्यांचा मार्ग या धडपडीत बंद होऊ देणे कोणत्याही अर्थाने योग्य नाही.

जिल्ह्यातील प्राचार्यांनी त्यासाठी एवढे तरी करावे की अकरावीच्या वर्षअखेरीस इच्छुक विद्यार्थ्यांची यादी करावी, प्रत्येकासाठी दोन शिक्षक नेमावेत आणि गुणपत्रके, शाळेची माहिती व शिफारसपत्रे दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी पाठवून मोकळे व्हावे.