गिरणीमालकांच्या संघापासून लखनौच्या राजभवनापर्यंत

सर होमी मोदी २ मे १९४९ रोजी संयुक्त प्रांताचे राज्यपाल झाले. सरोजिनी नायडू याच पदावर असताना दोन महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. कवयित्रीच्या जागी उद्योगपती आला, आणि तोही मुंबईच्या गिरणीमालकांचा म्होरक्या. सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या एका सहीवर राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांनी कडाडून टीका केली होती. त्याच माणसाला स्वतंत्र भारताने देशातल्या सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा प्रांत सोपवला.

मोदींचा जन्म १८८१चा. शिक्षण मुंबईत, मग वकिली. मुंबईचे नेते फिरोजशहा मेहता हे त्यांचे दैवत. १९२१ साली त्यांनी मेहतांचे दोन खंडांचे चरित्र लिहिले आणि १९२३-२४ मध्ये मेहतांच्याच मुंबई महापालिकेचे अध्यक्षपदही भूषवले. पुढे गिरणीमालक संघ, मध्यवर्ती कायदेमंडळ, गोलमेज परिषद, टाटांचे संचालकपद अशी चढती कमान राहिली.

ती सही १९३३च्या ऑक्टोबरमधली. जपानी कापडाच्या स्वस्ताईने मुंबईच्या गिरण्या मेटाकुटीला आल्या होत्या. सरकारने ब्रिटिशेतर परदेशी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानने भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. अशा वेळी मोदींनी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडधंद्याच्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर विल्यम क्लेअर-लीस यांच्याशी करार केला. ब्रिटिश कापडाला जकातीत झुकते माप मिळायचे. बदल्यात लँकेशायरने भारतीय गिरण्यांचा संरक्षणाचा हक्क मान्य करायचा आणि भारताचा कापूस जास्त घ्यायचा. अहमदाबादचे गिरणीवाले यात आले नाहीत. विलायती कापडाच्या होळ्या ताज्या असताना हा करार बोचणारच होता, आणि ती टीका मला अन्याय्य वाटत नाही. पण लँकेशायरने भारताचा संरक्षणाचा हक्क स्वतःच्या हाताने लिहून देणे ही लहान कमाई नव्हती. मोदी खरे वाटाघाटीचे माणूस. समोरच्याच्या अडचणीतून आपल्या पदरात काय पडते ते पाहणारे.

या माणसाच्या आयुष्यात एकदा मात्र वाटाघाट निरुपयोगी ठरली. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला आणि युद्धकाळातले पुरवठा खाते मोदींकडे आले. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस नेत्यांची धरपकड झाली तेव्हाही ते मंडळातच होते, हे विसरता येत नाही. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांना सोडावे, असे मोदी, यवतमाळचे बापूजी अणे आणि बंगालचे नलिनीरंजन सरकार यांचे म्हणणे. व्हाइसरॉय लिनलिथगो हटले नाहीत, तेव्हा तिघांनी एकत्र राजीनामे दिले. पुढे अणे बिहारचे राज्यपाल झाले, नलिनीरंजन सरकार पश्चिम बंगालचे अर्थमंत्री, आणि मोदी लखनौला गेले. नव्या राज्यकर्त्यांनी १९३३ची सही पोटात घातली त्यामागे १९४३च्या त्या सह्या असाव्यात, असे मला राहून राहून वाटते.

लखनौचे पद मात्र मोदींच्या स्वभावाच्या उलट होते. ते रुजू झाले त्याच महिन्याच्या अखेरीस घटना समितीने लोकांनी राज्यपाल निवडून देण्याची कल्पना बाजूला सारली. राज्यपाल नेमलेला असेल आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालेल, हे पक्के झाले. प्रांताचे सरकार चालवत होते गोविंद वल्लभ पंत. हजरजबाबी वक्ता म्हणून गाजलेल्या माणसाने आता मंत्रिमंडळाने लिहून दिलेले अभिभाषण वाचायचे होते. त्यांच्याच कारकिर्दीत, २४ जानेवारी १९५० रोजी, संयुक्त प्रांताचे नाव उत्तर प्रदेश झाले आणि दोन दिवसांनी राज्यघटना अमलात आली.

खरी कसोटी जमीनदारी निर्मूलनाची होती. खासगी मालमत्तेवर ज्याची जन्मभर श्रद्धा, त्याच्याच अमदानीत अवधच्या तालुकदारांच्या जमिनी जाणारा कायदा विधिमंडळात मंजूर झाला आणि २४ जानेवारी १९५१ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मोदींनी त्याच्या वाटेत काटा ठेवला नाही. मला त्यांचा मोठेपणा सर्वांत जास्त इथे दिसतो. करारात चतुर असणारे अनेक सापडतात. आपल्या मताविरुद्धचा कायदा घटनेची रीत म्हणून सरळ पुढे जाऊ देणारे थोडे.

१९५२ मध्ये ते मुंबईला परतले आणि मनातले बोलायला मोकळे झाले. १९५९ मध्ये राजाजी आणि मिनू मसानींच्या स्वतंत्र पक्षाच्या उभारणीत ते होते. त्यांचे चिरंजीव पिलू मोदी पुढे त्याच पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत गाजले. दुसरे चिरंजीव रूसी मोदी टाटा स्टीलचे प्रमुख झाले. ज्या सेंट्रल बँकेचे अध्यक्षपद होमी मोदींनी भूषवले, ती १९ जुलै १९६९ रोजी सरकारच्या मालकीची झाली. त्याआधी चार महिने, ९ मार्चला, ते गेले होते.