बाटलीवरचा इशारा मजुराच्या कानापर्यंत जाऊ द्या

शेतकरी बंधूंनो, कीटकनाशक दुकानातून आपण आणतो, पण पंप पाठीवर कोण घेतो? आपल्या खर्डी भागात पुष्कळदा पाड्यावरचा मजूर. बाटलीवर सूचना असतात, सोबत मराठी माहितीपत्रक असते. पण ते घरातच राहते आणि बांधावर मजुरापुढे येते ती ढवळलेली बादली. ज्याच्या अंगावर फवारा उडणार, त्यालाच काही ठाऊक नसते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आठवा. फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. कपाशी माणसाच्या उंचीची झालेली, त्यामुळे फवारा नाकातोंडावर येत होता. आपल्याकडे कपाशी नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मांडवावरच्या कारली-दोडक्याला खालून वर फवारताना औषध असेच तोंडावर गळते.

वाचता न येणाऱ्यालाही कळावे म्हणून बाटलीवर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण हिरवा म्हणजे रेल्वेचा सिग्नल नव्हे! ते विषच, फक्त कमी तीव्रतेचे. म्हणून पंप भरण्यापूर्वी बाटली मजुराच्या हातात द्या आणि त्रिकोणावर बोट ठेवून सांगा.

सांगताना भाषण नको. चारच गोष्टी सांगा. वाऱ्याच्या दिशेने फवारायचे, वाऱ्याच्या तोंडावर नाही. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकायचे नाही, तार किंवा ब्रश वापरायचा. हात साबणाने धुतल्याशिवाय बिडी, तंबाखू, भाकरी नाही. काम संपले की आंघोळ, आणि कपडे वेगळे धुवायचे. मग विचारा, "आता तू सांग बरं, काय काय करायचं?" नुसती मान हलवली म्हणजे समजले असे धरू नका. त्याच्या तोंडून आले तरच पोचले. आणि हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा दिल्याशिवाय नुसत्या उपदेशाचा उपयोग नाही.

त्रासाची खूणही सांगून ठेवा. डोके गरगरणे, मळमळ, लाळ व घाम सुटणे, अंधुक दिसणे, धाप लागणे. असे झाले तर "उन्हाने झाले असेल" म्हणून झाडाखाली निजवू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा. ताक-दूध पाजत बसू नका. बाटली किंवा लेबल सोबत न्याच. कोणते विष ते कळले तर डॉक्टरांना नेमका उपचार लवकर सुरू करता येतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. नोटीस बोर्डावर कागद चिकटवून हे काम होत नाही. फवारणीच्या हंगामाआधी पाड्यावर संध्याकाळी, माणसे घरी आल्यावर जा. रिकाम्या बाटल्या दाखवून रंग ओळखायला लावा, पाणी भरलेला पंप चालवून दाखवा. बायकांनाही बोलवा. औषधाचे कपडे धुतात त्या, आणि रिकाम्या डब्यात पाणी-तेल भरू नये हेही घरात त्याच सांगू शकतात.

मजुरी आपण दिवसाची देतो, त्याच्या जिवाची नाही. पंप त्याच्या पाठीवर चढवण्याआधीची पाच मिनिटे त्याला द्या.